एकशे साठ जीबी आणि एक हिरवी पिन

सांगलीत पाणी फुटांत मोजतात. पावसाळ्यात सकाळी दूध घालायला आलेला माणूससुद्धा "आयर्विनला किती झालं?" एवढंच विचारतो आणि समोरच्याला सगळं कळतं. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, नदीची पातळी तिथे मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५७ च्या पुढे गेला होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा घरं रिकामी करायची वेळ आली. ज्यांच्या भिंतींवर त्या दोन्ही पुरांच्या रेघा आहेत, त्यांना 'पूरपातळी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या महाविद्यालयाच्या सिव्हिल विभागात पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी शामरावनगरच्या बाजूला राहते. तिचा प्रश्न अगदी घरगुती होता. आयर्विनला ४५ झाले, की आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी यायला किती तास मिळतात? वरून कोयना धरणाचा विसर्ग, हरिपूरजवळ येऊन मिळणारं वारणेचं पाणी आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी, या तिन्हींची जुळणी बदलली की हे तास किती बदलतात? मी याच महाविद्यालयात सर्व्हर आणि नेटवर्कचं काम बघतो. तिचा प्रश्न पुण्यातल्या सुपरकॉम्प्युटरपर्यंत पोचायला आणि तिथलं उत्तर सांगलीत परत यायला डिसेंबर ते मे असे सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांचं हे प्रकरण आहे.

गणित केवढं होतं

पाणी कसं पसरेल हे काढायचं तर जमिनीचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात किती पाणी आलं, किती गेलं, याचा हिशोब क्षणाक्षणाला करायचा. तिने कऱ्हाडच्या खालपासून राजापूर बंधाऱ्यापर्यंत नदीकाठचा सुमारे २,८०० चौरस किलोमीटरचा पट्टा घेतला होता आणि चौकोन १० मीटरचा. म्हणजे २ कोटी ८० लाख चौकोन.

"३० मीटरचा चौकोन घेतला तर चालणार नाही का?" असं मी तिला सुरुवातीला विचारलं होतं. तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "सर, ३० मीटरमध्ये रस्ता, नाला आणि दोन्हीकडची घरं एकाच चौकोनात जातात. मग पाणी नाल्यातून आलं की रस्त्यावरून, कळणार कसं?" ते खरंच होतं. शहरातला पूर नदीच्या पात्रात समजत नाही, तो गटारीच्या उंचीवर समजतो.

पण चौकोन लहान केला की वेळेची पायरीही लहान करावी लागते. पुराच्या वेळी पात्रात १७-१८ मीटर खोल पाणी असेल, तर त्यात लाट सेकंदाला १३ मीटरच्या आसपास पळते, वर पाण्याचा स्वतःचा वेग. १० मीटरचा चौकोन ती पाऊण सेकंदाच्या आत ओलांडते. लाट एका पायरीत चौकोन ओलांडून पुढे जाता कामा नये, नाहीतर गणित फुटतं आणि पडद्यावर डोंगराएवढं पाणी दिसायला लागतं. म्हणून पायरी अर्ध्या सेकंदाची. २० दिवसांचा पूर म्हणजे ३४ लाख ५६ हजार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला २ कोटी ८० लाख चौकोनांचा हिशोब.

आमच्या प्रयोगशाळेतल्या आठ कोअरच्या (एका वेळी आठ हिशोब करणाऱ्या) मशीनवर तिने लहान तुकडा चालवून पाहिला आणि त्यावरून त्रैराशिक मांडलं. एक पूर काढायला १४ दिवस. तिला असे २४ पूर काढायचे होते. त्यात वीज गेली की पहिल्यापासून.

पुण्यातल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटर सुविधेवर तिला खातं मिळालं तेव्हा विभागात पेढे वाटले गेले. महाराष्ट्राला या विषयात तसा मान आहे. १९८८ मध्ये सी-डॅक ही प्रगत संगणनाची सरकारी संस्था पुण्यात सुरू झाली, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला, आणि २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग अभियानातून देशभरच्या संस्थांमध्ये परम मालिकेतली यंत्रं बसली. तिला १० नोड, म्हणजे त्या यंत्रातले १० संगणक मिळाले, दर नोडला ४८ कोअर. १४ दिवसांचं काम आठ तासांत होऊ लागलं. रात्री जॉब टाकायचा, सकाळी तयार.

अडचण तिथून पुढे सुरू झाली.

उत्तर येईना

एका पुराचं उत्तर म्हणजे दर तासाला प्रत्येक चौकोनातल्या पाण्याची खोली आणि दोन दिशांचे वेग. ४८० तास, तीन आकडे, प्रत्येकी चार बाइट. गुणाकार करा, १६० जीबीच्या घरात जातो. ही फाइल पुण्याहून सांगलीला आणायची होती.

आमच्या महाविद्यालयाला १ जीबीपीएसची, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटची (एमबीपीएस) फायबरची जोडणी आहे. आठ बिटांचा एक बाइट. कागदावर १६० जीबी अर्ध्या तासात यायला हवेत. कॉपी सुरू केली की पहिले काही सेकंद वेग छान दिसायचा, मग घसरत घसरत ३५ एमबीपीएसला येऊन बसायचा. दहा तास. दहा तासांत एकदा तरी जोडणी तुटायची. एका सकाळी मी कामावर आलो तर ती माझ्या खोलीबाहेर उभी होती. "सर, ९१ टक्क्यांवर तुटलं." रात्रभर जागी होती हे डोळ्यांवरून दिसत होतं.

त्या दिवशी मी जे केलं ते चूक होतं, आणि ते लिहायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी हेच होतं. मी प्राचार्यांकडे जोडणी वाढवून घेण्याचा प्रस्ताव दिला. गाडी अडकली की रस्ता रुंद करा, असं ते उत्तर. रस्त्यावर खिळे पडलेत का, हे मी बघितलंच नव्हतं.

प्रस्तावाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सरांनी वेगळाच विचार मांडला. पुण्याचे १० नोड आणि आपल्या प्रयोगशाळेतल्या चार मशीन फायबरने जोडून एकच मोठा संगणक का करू नये? मग निम्मं उत्तर इथेच तयार होईल, आणायला नको. कल्पना ऐकायला इतकी सरळ आहे की तिला आकड्यांनीच उत्तर द्यावं लागतं.

काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुणे रस्त्याने २३५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला अडीच मिलिसेकंद तरी हवेतच, त्यात कोणतीही कंपनी काही करू शकत नाही. प्रत्यक्षात फायबर सरळ रेषेत जात नाही, वाटेत कितीतरी उपकरणं लागतात. आमचा मोजलेला फेरा १८ मिलिसेकंदांचा होता. आता गणिताकडे बघा. आठ तासांत ३४ लाख पायऱ्या म्हणजे एक पायरी ८ मिलिसेकंदांत संपते, आणि प्रत्येक पायरीनंतर शेजारच्या तुकड्याला काठावरचं पाणी कळवावं लागतं. पुण्यातल्या यंत्राच्या आत हा निरोप इन्फिनीबँड या नोड जोडणाऱ्या वेगवान जाळ्यावरून एक-दोन मायक्रोसेकंदांत पोचतो. सांगली-पुणे जोडलं तर ८ मिलिसेकंदांच्या कामासाठी १८ मिलिसेकंद वाट बघायची, तीसुद्धा ३४ लाख वेळा. नुसत्या वाट बघण्यात १७ तास जातात.

सरांनी स्वतः कागदावर भागाकार करून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे घट्ट बांधलेलं गणित एका छताखालीच राहणार." हे वाक्य मी पुढे अनेकांना सांगितलं आहे. ज्या कामाचे तुकडे एकमेकांशी बोलत नाहीत, उदाहरणार्थ आमचे २४ वेगवेगळे पूर, ते हवं तर २४ गावांत चालवा. एका पुराचे तुकडे मात्र गावोगाव वाटता येत नाहीत.

हिरव्यात निळं

जोडणी वाढवायच्या प्रस्तावावर सही होण्याआधी मी एक साधी चाचणी केली, जी आधीच करायला हवी होती. सर्व्हर रूममधून पुण्याला वेग मोजला आणि तोच सिव्हिलच्या प्रयोगशाळेतून मोजला. सर्व्हर रूममधून ७०० एमबीपीएसच्या वर. सिव्हिलमधून ३५. पुणे-सांगली फायबर निर्दोष होतं. खोट होती ती आमच्याच आवारात, सर्व्हर रूम आणि सिव्हिलची इमारत यांच्यामधल्या ६०० मीटरमध्ये.

मग सिव्हिलमधल्या मुलांची कधी तक्रार कशी आली नाही? व्हिडिओ नीट चालायचे, स्पीड टेस्ट दणक्यात यायची. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

इंटरनेटवरचा बहुतेक माल टीसीपी या पद्धतीने जातो. माहिती छोट्या पाकिटांत भरतात. पाठवणारा थोडी पाकिटं पाठवतो, पोचल्याचा निरोप आला की जास्त पाठवतो. एखादं पाकीट हरवलं की त्याला वाटतं पुढे गर्दी आहे, आणि तो वेग निम्म्यावर आणतो. मग पुन्हा हळूहळू वाढवतो, दर फेऱ्याला थोडा. फेरा २ मिलिसेकंदांचा असेल तर तो झटकन सावरतो. १८ मिलिसेकंदांचा असेल तर सावरायला नऊपट वेळ लागतो, आणि तेवढ्यात पुढचं पाकीट हरवतं. १९९७ मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी याचं सूत्र मांडलं. वेग फेऱ्याच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात आणि हानीच्या, म्हणजे पाकिटं हरवण्याच्या प्रमाणाच्या, वर्गमुळाच्याही व्यस्त प्रमाणात. दोन हजारांत एक पाकीट हरवत असेल आणि फेरा १८ मिलिसेकंदांचा असेल, तर सूत्रातून ३५ एमबीपीएसच्या आसपासच उत्तर येतं. त्याच हानीवर २ मिलिसेकंदांच्या अंतरावरचा सर्व्हर ३०० च्या वर देतो. व्हिडिओ आणि स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरवरून येत होते, म्हणून कुणाला काही जाणवत नव्हतं. लांबचं आणि मोठं काम करणाऱ्या एकाच माणसाला ते जाणवलं, आणि तिला सगळे सांगत होते की नेट तर जोरात आहे.

पिंगमध्येही, म्हणजे जोडणी तपासायला पाठवतात त्या छोट्या हाकेतही, काही दिसलं नव्हतं. शंभर पिंग टाकल्या तर दोन हजारांत एक हरवणारं पाकीट सापडणार कसं? शिवाय पिंगचं पाकीट चिमुकलं, त्याला इजा व्हायची शक्यता आणखी कमी. तारा जिथे एकत्र येतात त्या स्विचच्या पोर्टवरचा चुकांचा आकडा पाहिला तेव्हा तो लाखांत होता आणि डोळ्यांदेखत वाढत होता.

फायबर जोडणाऱ्या मुलाला बोलावलं. मिरजेचा, विशीतला, खांद्यावर पिशवी. सिव्हिलच्या रॅकपाशी त्याने पॉवर मीटर लावला. उजेड येत होता उणे १८.९ डीबीएम. हे उजेडाच्या ताकदीचं मोजमाप, उणे आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. उजेड वाचणाऱ्या आमच्या मॉड्यूलला सुमारे उणे १९ पर्यंतच नीट वाचता येतं. म्हणजे माणूस ऐकू येईल न येईल अशा आवाजात बोलत होता आणि मध्येच एखादा शब्द गळत होता. हिशोबाने किती यायला हवा होता? पाठवताना उणे ५, सहाशे मीटर काचेचं नुकसान नगण्य, चार जोडांचे मिळून दोन-अडीच डेसिबल. म्हणजे उणे साडेसात-आठ. ११ डेसिबलची तूट होती. डेसिबल हे मोजमाप फसवं असतं, ११ म्हणजे उजेडाचा बारावा हिस्साच पोचत होता.

त्याने जिन्याखालच्या पेटीचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि लगेच म्हणाला, "सर, हे बघा की. हिरवा निळ्यात घातलाय."

मी वाकून पाहिलं. फायबरच्या टोकाच्या पिना दोन रंगांच्या येतात. निळ्या पिनेचं टोक सरळ घासलेलं असतं, हिरवीचं आठ अंशांत तिरकं. तिरकं अशासाठी की परत फिरणारा उजेड बाजूला जावा. हिरवी हिरव्याशी जोडली तर उत्तम, निळी निळ्याशी जोडली तर उत्तम. हिरवी निळ्याशी जोडली तर ती बसते, खटका वाजतो, दिवाही लागतो. पण आत एक टोक सरळ आणि एक तिरकं, मध्ये हवेची फट. इमारतीचं रंगकाम झालं होतं तेव्हा कुणीतरी पेटी काढून परत लावली असणार आणि हाताला आली ती पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना पिन असलेली छोटी तार) घातली असणार.

निळी कॉर्ड घातल्यावर मीटर उणे ११ ला आला. अजून तूट होतीच. मग त्याने पिशवीतून छोटा मायक्रोस्कोप काढला आणि पिनेचं टोक मला दाखवलं. सिंगल मोड फायबरचा ज्यातून उजेड जातो तो गाभा ९ मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या जाडीचा सात-आठवा भाग. करड्या वर्तुळाच्या मधोमध तो एक ठिपका दिसत होता, आणि त्याच्यावरून तिरपा एक तेलकट ओरखडा गेलेला. बोट लागलेलं. त्याने पेनासारखी सफाईची कांडी टोकाला लावून एकदा कट्कन दाबली, पुन्हा मायक्रोस्कोप. वर्तुळ स्वच्छ. मीटर उणे ७.८.

१९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर नुकसान किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली येईल आणि फायबरने दूरसंचार शक्य होईल. त्या कामासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. आज चांगल्या फायबरमध्ये ते किलोमीटरला ०.२ डेसिबलवर आलं आहे. इतकी शुद्ध काच जगाने तयार केली, आणि आमच्या जिन्याखाली एका बोटाच्या ठशाने व एका चुकीच्या रंगाने ११ डेसिबल खाल्ले. तेव्हापासून आमच्या पेटीला कुलूप आहे, आणि कोणतीही पिन लावण्याआधी पुसायची, नवी असली तरी, हा नियम आहे.

जोडणी वाढवायचा प्रस्ताव मी मागे घेतला. १६० जीबी आता ३५ मिनिटांत येत होते.

तरीही भागत नव्हतं

तिने २४ पुरांची यादी पुढे ठेवली. २४ गुणिले १६० म्हणजे ३.८ टीबी (१ टीबी म्हणजे हजार जीबी). तिच्या मशीनची डिस्क २ टीबीची. पुण्याकडच्या स्क्रॅच, म्हणजे तात्पुरत्या जागेवर फाइली कायमच्या राहत नाहीत, ठरावीक दिवसांनी काढल्या जातात. एखादा आकडा बदलून पुन्हा काढायचं ठरलं, की परत सगळं.

इथे मी तिला एक प्रश्न विचारला, जो मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी प्रश्न होता. "यातलं तू प्रत्यक्षात बघतेस काय?"

ती बघत होती दोनच गोष्टी. एका तासाला शहरात पाणी कुठवर आलं याचा नकाशा, आणि एका जागी पाणी तासागणिक कसं चढलं याची रेघ. शहराचा पाच किलोमीटर गुणिले पाच किलोमीटर तुकडा म्हणजे अडीच लाख चौकोन, एक एमबी. एका जागेची रेघ म्हणजे ४८० आकडे, दोन केबीसुद्धा नाहीत. बघायचा होता एक एमबी, आणत होतो १६० जीबी.

वेबची सगळी रचना याच गरजेतून आली आहे. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सुचवली, तेव्हा प्रश्न हाच होता की माहिती जिथे आहे तिथेच राहू दे, ज्याला जेवढी हवी त्याला तेवढी बसल्या जागी दिसू दे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीमध्ये एक सोय आहे, फार कमी लोक ती जाणूनबुजून वापरतात. ब्राउझर सर्व्हरला सांगू शकतो की या फाइलचा अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतचाच तुकडा दे. सर्व्हर नेहमीच्या २०० ऐवजी २०६ हा संकेत देतो आणि तेवढंच पाठवतो. व्हिडिओ मधूनच पुढे सरकवला की हेच घडतं. पुराच्या फाइलला ते का नको?

त्यासाठी फाइल तशी मांडलेली हवी. आम्ही झार नावाची मांडणी घेतली. तिच्यात मोठा आकड्यांचा ठोकळा छोट्या वड्यांमध्ये कापतात, प्रत्येक वडी वेगळी दाबतात (कमी जागेत बसवतात), आणि हवी ती वडी सरळ उचलता येते. वडी कशी कापायची, यातच सगळं कौशल्य आहे हे आम्हाला पहिल्या चुकीनंतर कळलं. पहिल्यांदा तिने वडी नकाशाच्या सोयीने कापली, ५१२ गुणिले ५१२ चौकोन आणि एक तास. नकाशा झटकन उघडला. एका जागेची रेघ मागितली तर ब्राउझर घामाघूम. बरोबरच होतं, कारण त्या एका बिंदूसाठी ४८० तासांच्या ४८० वड्या, प्रत्येकी एक एमबी, आणाव्या लागत होत्या. दोन केबीसाठी ४८० एमबी.

मग तिने दुसरी प्रत काढली, उभी कापलेली. १६ गुणिले १६ चौकोन, पण सगळे ४८० तास एकाच वडीत. अर्ध्या एमबीत रेघ. भाकरी एकच, पण चतकोर हवा की पापुद्रा, त्यावर मोडायची पद्धत ठरते. दोन प्रती ठेवायला जागा दुप्पट लागते आणि ती देण्यासारखी आहे, असं माझं मत आहे.

उभ्या वड्यांचा एक ताप होता. एका पुराच्या एकेका राशीच्या (खोली किंवा वेग) एक लाखावर वड्या, म्हणजे एक लाखावर फाइली. सुपरकॉम्प्युटरवरच्या लस्टरसारख्या सामायिक डिस्कला थोड्या मोठ्या फाइली आवडतात, असंख्य बारीक फाइली नाहीत. तिकडच्या व्यवस्थापकांनी सौजन्याने पण स्पष्ट शब्दांत तसं कळवलं. झारच्या तिसऱ्या आवृत्तीत यावर शार्ड हा उपाय आहे. हजारभर वड्या एका फाइलमध्ये भरायच्या आणि कोणती वडी कुठल्या बाइटपासून सुरू होते याची अनुक्रमणिका त्याच फाइलमध्ये ठेवायची. आधी अनुक्रमणिकेचे बाइट मागायचे, मग नेमके वडीचे. लाखाच्या जागी शंभरेक फाइली उरल्या.

तिचं स्वतःचं विश्लेषण आता पुण्यातच चालतं. ती सांगलीत ब्राउझर उघडते, लॉगिन करते, समोर ज्युपिटरची वही येते, म्हणजे कोड लिहायचं आणि उत्तर बघायचं पान. वहीतला कोड तिकडच्या नोडवर चालतो, डेटा तिकडच्या डिस्कवर असतो, इकडे येतं ते चित्र. अक्षर टाइप केलं की १८ मिलिसेकंदांचा फेरा, तो माणसाला जाणवतही नाही. ज्या अंतराने एका पुराचं गणित दोन गावांत वाटू दिलं नाही, तेच अंतर माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये असलं तर काहीच बिघडत नाही.

लोकांना दाखवायचं पान मात्र आम्ही आमच्याच जुन्या सर्व्हरवर ठेवलं. सुपरकॉम्प्युटरचं दार गावाला उघडं ठेवत नाहीत आणि ठेवूही नये. पंधरा किलोमीटर गुणिले पंधरा किलोमीटरचा शहराचा तुकडा, फक्त खोली, तीही सेंटीमीटरमध्ये पूर्णांक करून दोन बाइटांत. पाणी मोजताना सेंटीमीटरच्या पुढचा दशांश कुणाच्या उपयोगाचा? २४ पूर मिळून ५२ जीबी झाले. बहुतेक चौकोन कोरडे, म्हणजे शून्यच शून्य, त्यामुळे दाबल्यावर १४ जीबी. ३.८ टीबीची गोष्ट १४ जीबीत आली. नकाशासाठी लीफलेट हे तयार साधन, बाकी साधं एचटीएमएल. सर्व्हरवर कुठलाही खास प्रोग्राम नाही, फाइली आहेत आणि तुकडे मागायची सोय आहे. नुसत्या फाइलींना बिघडायला फार काही नसतं, म्हणून पावसाळ्यात मी नसलो तरी ते पान उभं राहील.

गल्लीत

मे महिन्यात तिने ते पान शेजारच्या आजींना मोबाइलवर दाखवलं. मीही गेलो होतो. ओट्यावर चार-पाच जणी, मागे भिंतीवर २०१९ ची रेघ, तिच्याखाली २०२१ ची. तिने २०१९ चा पूर लावला आणि बोटाने तास पुढे सरकवले. नदीकडून निळं पसरत आलं. गल्लीत पोचल्यावर तिने बिंदूवर बोट टेकवलं, रेघ उघडली. भिंतीवरच्या रेघेपेक्षा मॉडेलचं पाणी हातभर कमी, आणि पोचायला काही तास उशिरा.

आजींनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून बघितला आणि मान हलवली. "पोरी, पाणी हिकडनं नाही आलं. आधी मागनं आलं, त्या मोरीतनं. नदीचं पाणी दिसायच्या आत आमच्या न्हाणीत वर आलं होतं."

मागे रस्त्याखालून नाल्याची एक मोरी आहे. उंचीच्या नकाशात रस्ता दिसतो, त्याच्या पोटातली मोरी दिसत नाही. मॉडेलला तिथे सलग बांध वाटत होता, आणि पाणी वळसा घालून येत होतं. सहा महिने आम्ही दोघांनी ते नकाशे पाहिले होते, आमच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने टेप घेऊन मोरीची रुंदी आणि तळाची उंची मोजली. मग त्या उपनगरातल्या आणखी सात मोऱ्या मोजल्या, प्रत्येक ठिकाणी आजूबाजूच्या लोकांना विचारून. रात्री नऊ वाजता महाविद्यालयातून जॉब टाकला. सकाळी साडेसहाला तिचा मला फोन आला. वहीत चित्र उघडलं होतं. नव्या पुरात पाणी मोरीतून मागच्या बाजूने वर चढत होतं, आणि गल्लीतली रेघ भिंतीवरच्या रेघेच्या चार बोटं खाली होती. "सर, उरलेले २३ आज रात्रीपासून लावू का?" तिने विचारलं. मी म्हटलं लाव, आणि नवा नकाशा आधी आजींना दाखवून ये.